आषाढीला बंद पडलेलं जपाचं ॲप : एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार काका,

आषाढी एकादशीला घड्याळावरचं जपाचं ॲप उघडलं नाही, काळी स्क्रीन येऊन बंद पडत राहिलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. चूक आमचीच. वारीच्या तोंडावर अपडेट सोडायलाच नको होतं.

पण ‘चार दिवस कुणी विचारलंसुद्धा नाही’ हे तुम्ही लिहिलंत, ते फार लागलं. तुमचा मेसेज दशमीच्या रात्री 11:40 ला आला. माझं उत्तर एकादशीच्या सकाळी 6:10 चं आहे. मध्ये रात्र होती, काका. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, ॲप काढून टाकू नका, आतली जपसंख्या जाईल. 7 च्या आत निळ्या खुणा आल्या. 9 वाजता तुमचाच मेसेज, ‘काढून परत टाकलं, उघडतंय, पण आकडा शून्य.’ मग मी तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. चार दिवस लागले ते दुरुस्तीला.

ॲप 2019 चं. तेव्हा घड्याळाचं ॲप दोन तुकड्यांत असायचं, दिसणारा भाग वेगळा आणि कोड चालवणारा भाग, म्हणजे एक्स्टेन्शन, वेगळं. 2022 च्या एक्सकोड 14 पासून (ॲपल ज्यात ॲप बनवायला देतं ते साधन) दोन्ही भाग एकत्रच बांधता येऊ लागले. आम्ही आत्ता, या अपडेटमध्ये, तिकडे गेलो. जुने आकडे नव्या फाइलीत उतरवायचं काम मी ॲप सुरू होतानाच, पहिली स्क्रीन यायच्या आधी, ठेवलं. माझ्या घड्याळात जेमतेम दहा-बारा माळा, चुटकीसरशी उघडायचं. तुमच्यात वर्षानुवर्षांची, एकेका मण्याची नोंद. ठरल्या वेळेत स्क्रीन आली नाही की वॉचओएसचा, म्हणजे घड्याळाच्या सिस्टिमचा, वॉचडॉग नावाचा पहारेकरी ॲप मारून टाकतो. तुम्ही काढून परत टाकल्यावर ते उघडलं, कारण उतरवायला काही उरलंच नव्हतं.

खानापूरच्या एका ताईंनी एकादशीच्याच संध्याकाळी आपलं घड्याळ आणून दिलं, त्यांच्यातही अशाच भरपूर नोंदी. आणि बघा की, चुका शोधायला घड्याळ कॉम्प्युटरवरच्या डीबगरला जोडलं की हा वॉचडॉग गप्प बसतो. टेबलावर दर वेळी ॲप उघडायचं, उशिरा का होईना. सुटं करून मनगटावर बांधलं की मेलं. यात दोन दिवस गेले. शेवटी ॲप का बंद पडलं ते सांगणारा क्रॅश रिपोर्ट नीट वाचला, त्यातला वॉचडॉगचा कोड इंग्रजीत ‘एट बॅड फूड’, म्हणजे ‘खराब अन्न खाल्लं’, असा वाचतात. एकादशीला मेलेल्या ॲपवर हा शेरा, काय बोलायचं. आता स्क्रीन आधी येते, आकडे मागून उतरतात.

‘बेळगावच्या पोरांना जमत नाही, पुण्याचं ॲप घ्या’ असंही लिहिलंत. बेळगावातल्याच शहापुरात एका खोलीत आम्ही दोघं भाऊ हे चालवतो. 149 रुपये एकदाच घेतले, अर्धा किलो कुंदासुद्धा त्यात येत नाही. नंतर एक रुपया मागितला नाही. तुमचा अभिप्राय वाचून दोन ग्राहकांनी पैसे परत मागितलेत.

यापुढे टेस्टिंग वाढवू, सणाच्या आसपास अपडेट टाळायचा प्रयत्न करू.

फोनमधलं ॲप काढलं नसेल तर त्यात शेवटच्या सिंकपर्यंतचे आकडे असतील, ते घड्याळावर आणून देतो. त्यालाही हात लावू नका, आधी फोन करा. तारा एकच ठेवा हवं तर, पण ते ‘चार दिवस’ तेवढं दुरुस्त करता आलं तर बघा.