खुलासा : नारळपाण्याने जुळ्यांचं पाणी समान होत नाही
दादर-गिरगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय : पोटातल्या जुळ्यांपैकी एकाभोवती पाणी (गर्भजल) कमी, दुसऱ्याभोवती जास्त असेल, तर रोज नारळपाणी प्या. चूक. दोष आईच्या पिण्यात नसतोच. दोन्ही बाळांची वार (गर्भाशयातून त्यांना पोसणारा अवयव, प्लॅसेंटा) एकच असली की काही वेळा तिच्यातल्या जोडलेल्या रक्तवाहिन्यांतून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जातं. देणाऱ्याची लघवी घटते, घेणाऱ्याची वाढते. आणि गर्भजल म्हणजे (ऐकायला विचित्र वाटेल) बहुतांशी बाळाची लघवीच. सुईने जादा पाणी काढलं तर तात्पुरता आराम पडतो. मूळ कारणावरचा इलाज म्हणजे साधारण १६ ते २६ आठवड्यांदरम्यान दुर्बिणीतून लेझरने त्या वाहिन्या बंद करणं. वार एकच असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर २ आठवड्यांनी सोनोग्राफी हवी. पोट अचानक वाढलं तर सोनोग्राफीच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच.