‘नाडीपरीक्षक’ यांस, जरा सविस्तर

तुमची प्रतिक्रिया झोंबली, कारण ती निम्मी बरोबर आहे. इतर वाचकांसाठी: एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, कर्णिकांची, बेताल फडफड; त्यावर डाग देऊन करतात तो उपचार म्हणजे अ‍ॅब्लेशन. या फिब्रिलेशनच्या अ‍ॅब्लेशनमध्ये मज्जातंतूंचाही वाटा असतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमच्या मते ही नुसती पुडी आहे. फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांचा विजेचा संबंध तोडला की झालं, अ‍ॅमस्टरडॅमच्या चाचणीने बाकीचं निकालात काढलंय. आणि अ‍ॅब्लेशननंतर तुमच्या काकांची नाडी ५६ वरून ७२ झाली, ते माझ्या भरवशावर तुम्ही ‘चांगलं लक्षण’ समजत बसलात.

आधी माझी चूक. ‘नाडी वाढली म्हणजे काम फत्ते’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. आज काढून टाकलं.

बाकीचं मात्र मागे घेत नाही. मराठीत ‘नस’ म्हणजे शीरही आणि मज्जातंतूही, आणि इथे तर दोन्ही एकमेकांना चिकटूनच असतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल एसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये ४५ रुग्णांत दाखवलं की फिब्रिलेशन सुरू करणारे ९४ टक्के आगाऊ ठोके या शिरांमधून निघतात. त्या शिरा डाव्या कर्णिकेत जिथे उघडतात, तिथेच हृदयाच्या बाहेरच्या चरबीत मज्जातंतूंच्या गाठी, म्हणजे गँग्लिया, बसलेल्या असतात. कर्णिकेची भिंत पातळ. आतून शिरेभोवती डाग दिला की धग बाहेरच्या गाठीपर्यंत पोचते, आणि कधी कधी टेबलावरच रुग्णाचे ठोके एकदम मंदावतात. हे व्हेगसचं, म्हणजे मेंदूकडून हृदयापर्यंत येणाऱ्या मज्जातंतूचं, काम. डॉक्टरला गाठ जाळायची नव्हती, तरी ती चटकली.

व्हेगसचा स्वभावही फसवा. ती ठोके संथ करते म्हणून आपण तिला शांत समजतो. पण कर्णिकेच्या पेशींना एका ठोक्यानंतर पुन्हा पेटायला जी उसंत लागते, ती व्हेगस आखूड करते, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. अशा जागी वीज गरगर फिरायला लागते. पॅरिसचे हृदयरोगतज्ज्ञ फिलिप कुमेल यांनी वर्णिलेले रुग्ण असेच होते: बरेचसे पुरुष, हृदय धडधाकट, आणि त्रास रात्री किंवा भरपेट जेवणानंतर. उलट काहींना तो धावपळीत, ताणात होतो.

आता चाचण्या. अ‍ॅमस्टरडॅमचा निकाल तुम्ही बरोबर सांगितलात, फक्त रुग्ण कोण होते ते गाळलंत. २४० जण, छातीतून दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया, बहुतेकांचा आजार जुना किंवा कर्णिका फुगलेली. गाठी जाळून फायदा झाला नाही. रक्तस्राव वाढला, काहींना पेसमेकर लागला. हे गंभीरच आहे. पण २०१३ मध्ये अधूनमधून फिब्रिलेशन होणाऱ्या २४२ रुग्णांवर कॅथेटरने, म्हणजे शिरेतून हृदयात घातलेल्या बारीक नळीने, झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी फक्त शिरा वेगळ्या केलेल्यांपैकी ५६ टक्के बरे होते, शिरा आणि गाठी दोन्ही केलेल्यांपैकी ७४ टक्के. नुसत्या गाठी जाळल्या तर मात्र ४८च. म्हणजे शिरांना पर्याय नाही, यात आपलं एकमत आहे.

तुमच्या बाजूचा सगळ्यात दणकट पुरावा तुम्ही दिलाच नाहीत, तो मी देतो. पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशनमध्ये धगीऐवजी विजेचे क्षणिक झटके असतात, आणि त्यात गाठी बऱ्याच अंशी वाचतात. गाठींवरच सगळं अवलंबून असतं, तर हे तंत्र मागे पडलं असतं. २०२३ च्या ६०७ रुग्णांच्या चाचणीत वर्षभराचं यश ७३.३ टक्के, जुन्या पद्धतीचं ७१.३. बरोबरीच म्हणायची. त्यामुळे आज कुणी ‘जास्तीच्या गाठीही जाळून देतो’ म्हणालं तर मी आधी ‘का?’ विचारीन. नसा या आजारात सामील आहेत, हे एक. त्या मुद्दाम जाळल्याने प्रत्येकाला फायदा होतो, हे दुसरं. मागच्या लेखात मी ही दोन विधानं एकाच दोरीत ओवली, तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत.

काकांबद्दल: व्हेगसचा लगाम सैल झाला की नाडी अशी दहा-पंधराने चढते आणि बहुतेकांची काही महिन्यांत उतरू लागते. ७२ मध्ये घाबरण्यासारखं काही नाही. पण बसल्या जागी शंभरच्या वर राहिली, अनियमित लागली किंवा धाप लागली, तर ईसीजी काढून घ्या. आणि नाडी कितीही छान असो, रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

एक मात्र सांगा: काकांना त्रास व्हायचा तो रात्री जेवून आडवं झाल्यावर, की जिना चढताना?