3 चुकला माझा, पण पट्ट्या बारीकच राहणार

तुमची कमेंट झोंबली खरी, पण अर्धी बरोबर आहे, म्हणून आधी तेवढं कबूल करून टाकतो. तुमचं म्हणणं, माझ्या हिशोबाने दोन पट्ट्यांवरच्या टेबलाचा (म्हणजे पातळ पट्ट्या वाकतात आणि त्यांच्यावर बसवलेलं मशीनचं टेबल आडवं सरकतं) स्टिफनेस, म्हणजे ते सरकवायला लागणारा जोर, मिलिमीटरला 2 न्यूटन यायला हवा, तुम्ही तसंच बनवून मोजलं तर 7.1 आला, म्हणजे थिअरी बिनकामाची. थिअरी नाही हो, माती मी खाल्ली. एक टोक मोकळं असलेल्या पट्टीचं सूत्र लावलं, त्यात गुणायला 3 येतो. इथे वरचं टोक टेबलाला आवळलेलं, सरकतं पण वळत नाही, पट्टी एससारखी वाकते आणि 3 च्या जागी 12 येतात. स्टीलची 50 मिमी लांब, 20 रुंद, 0.5 जाड, अशा दोन पट्ट्या, तर उत्तर 8.

मग 7.1 का? सूत्रात जाडीचा घन होतो ना, पट्टी 0.48 ची निघाली की तेवढ्यानेच 8 चे 7.1 होतात. पण गंमत अशी की क्लॅम्पच्या कडा गोल झाल्या असतील आणि पट्टी दोन्हीकडे एकेक मिलिमीटर आतूनच वाकत असेल तर लांबी 52 धरावी लागते, आणि उत्तर परत 7.1! म्हणून आधी मायक्रोमीटर लावून जाडी मोजा, मग क्लॅम्पला शिव्या द्या. मी एकदा दोन दिवस क्लॅम्प घासत बसलेलो, चोर पट्टीच निघाली.

"प्रिसिजन मशीन ताठच हवं, लवचिक आधार कशाला" हे तुमचं मात्र अजिबात मान्य नाही. ताठ कुठल्या दिशेला ते तर सांगा! सरकायच्या दिशेला 8, पण पट्टीच्या लांबीच्या दिशेला हीच जोडी कागदावर 80,000, दहा हजार पट (बोल्ट-क्लॅम्पमुळे प्रत्यक्षात बरंच कमी मिळतं). शिवाय घर्षण नाही, बॅकलॅश (दिशा उलटताना जाणवणारा ढिलेपणा) नाही. फुकट नाही मिळत हे, 1 मिमी सरकवलं की टेबल 12 मायक्रॉन खाली बसतं, आणि 200 ग्रॅमचं टेबल 32 हर्ट्झच्या आसपास डुलायला लागतं, त्यामुळे फास्ट काम असेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

आणि हो, टेबल पट्ट्यांवर उभं आहे की खाली टांगलंय? उभं असेल आणि वर 10 किलो ठेवून मोजलं असेल तर स्टिफनेस 30 टक्क्यांनी पडतो, टांगलं तर उलटा वाढतो. नुसत्या टेबलाच्या वजनाने काही होत नाही. फोटो टाका एक.