चार पुस्तकं आणि साफसफाई

मुदतवाढीचा शिक्का मारून घ्यायला चार पुस्तकं वाचनालयाच्या टेबलावर ठेवली आणि माठाकडे वळले. नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असताना कोणीही आधी माठाकडेच वळतं. एक पेला पाणी पिऊन येईपर्यंत शेजारच्या काकांनी चारही पुस्तकांतल्या खुणेच्या चिठ्ठ्या उपसून काढल्या होत्या. नुसत्या काढल्या नव्हत्या, तर कडा ठोकून त्यांची गड्डी सरळ केली होती आणि पंख्यानं उडू नये म्हणून वर चष्म्याचं घर ठेवलं होतं.

"तुमच्या पुस्तकात लई कचरा होता ताई. साफ करून देल्ला."

हे काका वाचनालयाचं दार उघडतं तेव्हा येतात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि निधनवार्तांपासून निविदा सूचनांपर्यंत पेपर वाचतात. भिंतीवर रंगनाथनांचा फोटो आहे. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्यांनी १९३१ साली मांडले, त्यातला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. त्या फोटोच्या बरोबर खाली हा प्रकार झाला.

"काका, त्या खुणा होत्या."

"खुणा? एका पुस्तकात तीन-तीन? माणूस एका टायमाले एकाच पानावर राह्यते ना?"

प्रश्न चुकीचा नव्हता, याचाच जास्त राग आला. इतिहासाच्या पुस्तकाला एक चिठ्ठी वाचत्या पानावर लागते, दुसरी मागच्या टिपांत आणि तिसरी नकाशावर. रशियन कादंबरीच्या अनुवादाला दुसरी चिठ्ठी नावांसाठी लागते. दिमित्री हाच मित्या आणि अलेक्सेई हाच अल्योशा. शिवाय बापाचं नाव जोडून हाक मारली की आणखी एक माणूस घरात शिरल्यासारखा वाटतो. ती यादी एकदा हरवली की पन्नास पानं मागे जावं लागतं.

"अन् चार-चार पुस्तकं संगमंग काहून वाचता? एक संपवा, मंग दुसरं घ्या. मी पाहा, एकच वाचून राह्यलो."

"कोणतं?"

"घरी हाय. जाड हाय चांगलं. उशाखाली ठेवतो, मानेले बरं पडते."

मग आवाज खाली आणून, जणू माझ्यावर उपकार करत, म्हणाले, "तुमचं ते रशियावालं पाह्यलं मी. शेवटचं पान वाचलं. काही खास होत नाही ताई. वापस करून टाका."

आता या माणसाला काय सांगायचं? विदर्भातली उन्हाळ्याची सुट्टी लांबलचक, शाळा उघडायला जूनचा शेवट उजाडतो. दुपारी ४५ अंशांत घराबाहेर पडणं शक्य नसतं आणि दिवसभर एकच पुस्तक कोणाच्याही डोक्यात टिकत नाही. सकाळी डोकं थंड असतं, तेव्हा टिपा असलेलं जड पुस्तक घ्यावं. जेवणानंतर कथासंग्रह, कारण दहा-बारा पानांची कथा झोपेच्या आधी संपते. कादंबरी रात्री. कविता मध्येच कधीही. एका वेळी कादंबरी मात्र एकच हवी. दोन ग्रामीण कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की दोन्हींत एक आबा आणि एक पाटील निघतोच, आणि चार दिवसांत या आबांच्या बांधाचा खटला त्या पाटलाच्या वाड्यावर चालू होतो.

कूलरचं वेगळंच. वाळ्याच्या ताट्या असोत की लाकडाच्या बारीक धाग्यांच्या, कूलर हवेबरोबर ओल फेकतो. पुस्तक त्याच्या तोंडासमोर धरलं की पानं फुगतात, मग मिटलं तरी फणा काढून बसतं. रंगीत चित्रांचा गुळगुळीत कागद ओला झाला तर पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाईच सोलून निघते. म्हणून चित्रांचं पुस्तक कूलरच्या खोलीत नेऊच नये.

पुस्तक उघडं पालथं घालणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. आजकाल शिलाई कमी आणि गोंदच जास्त. पाठीवरचा गोंद तडकला की मधली पानं हातात येतात आणि दंड पुढच्या वाचकाकडून घेतात. कोपरा दुमडला तर जुना पिवळा कागद दुसऱ्या दुमडीला तुटतो. रबरबँड उन्हाळ्यात पाघळून चिकटतं. एसटीचं तिकीट खूण म्हणून छान वाटतं, पण तो कागद उष्णतेवर छापणारा असतो, त्यामुळे त्यावर काही टिपून ठेवलंत तर उन्हात सगळंच काळवंडतं. जुन्या कॅलेंडरची जाड पट्टी कापावी, दोन बोटं रुंद आणि पुस्तकाच्या वर बोटभर डोकावेल इतकी उंच. कोणत्या परिच्छेदापर्यंत आलो ते तिच्यावर पेन्सिलनं लिहावं. जेल पेन नको, कूलरच्या ओलीनं ते पसरतं.

असा सगळा संसार त्या चष्म्याच्या घराखाली दाबलेला होता.

आणि वाचनालयाचे नियम काकांच्याच बाजूचे! एका कार्डावर मोजकीच पुस्तकं, मुदत लहानशा कादंबरीला पुरेल इतकी, आणि उन्हामुळे माणसाला दुसरं काही सुचत नाही नेमक्या त्याच वेळात, म्हणजे दुपारी, वाचनालय बंद. टेबलापलीकडच्या बाईंवर तरी काय चिडणार? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि अनुदान त्या वर्गाप्रमाणे मिळतं. त्यात पगार भागवणाऱ्यांना दुपारी पण उघडा असं सांगायला जीभ रेटत नाही. पण मग उन्हाळी वाचनाचे फलक तरी लावू नका.

चिठ्ठी गेली तरी कादंबरीतली जागा सापडते. बरोबर मध्यावर उघडायचं, हे वाचलंय का विचारायचं. वाचलं असेल तर पुढच्या अर्ध्याच्या मध्यावर, नसेल तर मागच्या. पाचशे पानांतलं पान अशा नऊ उघडझापींत हाती लागतं. इतिहासालाही हे चालतं, फक्त टिपांची जागा नव्याने शोधावी लागते. कथासंग्रहाला चालत नाही, कारण कथा कोणी क्रमानं वाचत नाही. आधी सातवी, मग दुसरी, मग नावावरून अकरावी. तिथे प्रत्येक कथेचा पहिला परिच्छेद वाचून ठरवावं लागतं, आणि काही लेखकांचे पहिले परिच्छेद इतके सारखे असतात की तेवढ्यावरून काहीच ठरत नाही.