दाजी, कॅमेऱ्याकडं बघू नका

घरात यंदा कुंकवाचा कार्यक्रम उरकला असेल, सुपारी फुटली असेल, तर लगेच कार्यालय शोधायला धावू नका. तिथीही काढू नका. आधी फोटोग्राफरची तारीख घ्या. गुरुजी एका दिवसात तीन लग्नं लावून चौथ्या ठिकाणी जेवायला पोचतात. ड्रोनवाल्याचं तसं नसतं. तो एका दिवसाला एकच जोडपं घेतो, असं निदान तो सांगतो.

मी हे अधिकारानं बोलतोय. मागच्या उन्हाळ्यात भाचीच्या प्री-वेडिंगला, म्हणजे लग्नाआधीच्या प्रेमाच्या चित्रीकरणाला, मी सकाळी सहा ते संध्याकाळी सात हजर होतो. मुलीसोबत घरचं कुणीतरी असावं, असं ताईचं म्हणणं. भाऊ परीक्षेत, बाप बस्त्यात, उरला मामा. मुलीला बोहल्यावर आणायचं, एवढंच मामाचं काम, अशी माझी जुनी समजूत होती. तुमचीही असेल तर ती सोडा आणि रिफ्लेक्टर धरायला शिका. ही एक चंदेरी गोल चकती असते, मोठ्या परातीएवढी. तिनं ऊन उचलून नवरीच्या तोंडावर टाकायचं. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी चकती घाईनं खाली घेतली, तर फोटोग्राफर ओरडला, “मामा, हलू नका! इमोशन आलंय!”

पॅकेजचं आधी बोलून घ्या. आमचं ४५ हजारांत ठरलं. त्यात पाच लोकेशन, तीन ड्रेस, एक टीझर, एक रील आणि ड्रोन. पाहुण्यांचा सगळा जीव ड्रोनवर होता. त्यांच्या थोरल्या सुनेच्या वेळी ड्रोन नव्हता आणि ती अजून बोलून दाखवते म्हणे. पैसे कोणी द्यायचे, हे याद्यांच्या बैठकीत चुकूनही लिहून घेऊ नका. मानपान लिहावा, भांडी लिहावीत, गाड्या किती येणार तेही लिहावं. प्री-वेडिंग तोंडी ठेवावं. तोंडी ठेवलेला खर्च उताराचं पाणी जावं तसा मुलीच्या बापाच्या अंगणात जातो, त्याला ढकलावं लागत नाही. समाजाच्या बैठकीत प्री-वेडिंग बंद करण्याचा ठराव आला, तर पहिला हात तुम्ही वर करा. मात्र ठराव तुमचं कार्य उरकल्यावर लागू होईल, एवढं बघा.

आता लोकेशन. छत्रपती संभाजीनगरासारखं शहर हाताशी असताना उदयपूरला जायची काही गरज नाही. आपल्याकडं नको तितका इतिहास पडलेला आहे.

सुरुवात बीबी का मकबऱ्यापासून करा. सगळे तिथूनच करतात. औरंगजेबाची बायको दिलरस बानू बाळंतपणानंतर वारली. तिचं हे थडगं, मुलगा आझमशहा याच्या नावावर आहे. संसार सुरू करायला याहून शुभ जागा कोणती? जोडप्याला मात्र हे सांगू नका, त्यांच्या चेहऱ्यावर उगाच विचार दिसू लागतो आणि विचार फोटोत चांगला येत नाही. सांगायचंच असेल तर खर्च सांगा. ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे, असा आकडा जुन्या नोंदीत येतो. त्या ७ आण्यांवर माझा फार जीव आहे. बादशहाच्या घरच्या हिशेबातही शेवटी कुणीतरी आणे धरून बसलं होतं.

शिवाय मकबरा हा प्री-वेडिंगचा आद्यगुरू आहे. जवळ जाऊन भिंतीला हात लावा. खाली साधारण कमरेपर्यंत संगमरवर, वर घुमटाला संगमरवर, आणि मधे सगळा काळ्या दगडावरचा घोटीव गिलावा. लांबून बघणाऱ्याला सगळंच संगमरवरी. आमच्या भाचीचा लाल गाऊन याच शाळेतला. समोरून राणी. मागून बघाल तर पाठीवर कपडे वाळत घालायचे सहा चिमटे, तेही तीन रंगांचे, कारण गाऊन फोटोग्राफरच्याच दुकानातला, भाड्याचा, आणि एकाच मापात जिल्ह्यातल्या सगळ्या नवऱ्या बसवायच्या असतात. त्याच्या दहा फूट लांब घोळात कुसळं अडकलेली होती. मी वेचायला बसलो. त्यांत एक वाळकी मेथीची काडीही निघाली. आधीची नवरी शेतात पळाली असावी.

मकबरा असो की किल्ला, पुरातत्त्व खात्याच्या जागी परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही. ड्रोनचं तर नावच काढू नका. कॅमेरा हातात धरावा आणि आपण साधे पर्यटक आहोत असा चेहरा करावा. सकाळी सातला पायघोळ लाल गाऊन आणि शेरवानी घालून, सोबत मेकअपवाली, दोन पोरं, चार पिशव्या आणि परात घेतलेला मामा, असे पर्यटक आपल्याकडं नेहमीच येतात. पहारेकरी काही बोलणार नाही. त्याला वाटतं, आपली ड्युटी दोनला संपते.

पहिली अडचण इथं येते. जोडपं एकमेकांकडं बघत नाही. कुंकू लागून तीनच आठवडे झालेले. फोनवर रात्री दोनपर्यंत बोलतात, पण समोरासमोर आल्यावर दोघंही शेतीच्या मोजणीला आल्यासारखे लांब बघतात. त्यात होणाऱ्या बायकोचा मामा चार फुटांवर. फोटोग्राफर आमच्याच गल्लीतला, त्यामुळं नवरामुलगा त्याचा दाजी. “दाजी, कॅमेऱ्याकडं बघू नका. ताईकडं बघा. प्रेमानं. नाही, एवढं नाही. कॅन्डिड पाहिजे.” कॅन्डिड म्हणजे आपोआप घडलेलं. ते आपोआप घडायला आम्हाला नऊ वेळा लागलं. मग कपाळावर ओठ टेकवायची पोझ आली. मी काय करावं, ते मला कळेना. फोटोग्राफरनं वाट दाखवली. “मामा, तुम्ही तिकडं मिनाराकडं बघा. पण रिफ्लेक्टर इकडंच राहू द्या.”

शहरातल्या दरवाज्यांवर फार वेळ घालवू नका. भडकल दरवाजा मलिक अंबरानं १६१२ साली उभा केला तो विजयाची खूण म्हणून. तिथं सकाळी साडेसातनंतर विजय फक्त रिक्षांचा असतो. मकाई दरवाज्याच्या अरुंद पुलावर हात पसरून उभं राहायची हौस असेल तर मागच्या टेम्पोवाल्याचं भाषण टीझरच्या आवाजात येईल. पाणचक्कीला जरूर जा. अठराव्या शतकातली ही पाण्यावरची चक्की यात्रेकरू आणि फकिरांसाठी दळण दळायची. पाणी मैलोगणती लांबच्या डोंगरातून, मातीच्या नळांतून, पंपाशिवाय. ज्या शहरात नळाला पाणी कितव्या दिवशी येणार यावर घरोघरी पाहुण्यांच्या तारखा ठरतात, तिथं नवरीनं हौदाच्या काठावर बसून ओंजळीनं पाणी उडवावं. हा शॉट भावनिक होतो. नवरीपेक्षा बघणाऱ्यांना जास्त.

मग देवगिरी. महंमद तुघलकानं १३२७ साली दिल्लीहून राजधानी इथं हलवली आणि काही वर्षांत परत नेली. लोक त्याला अजून वेडा म्हणतात. त्यानं हा सगळा पसारा एकदाच आणला आणि एकदाच नेला. आम्ही सकाळच्या वेळात चार वेळा गाडीतून काढला आणि चार वेळा भरला. किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे शत्रूला चुकवून मारायला कोरलेल्या त्या काळ्याकुट्ट वाटेत, रोमँटिक फोटो घ्यायची कल्पना नवऱ्यामुलाच्या मित्राची. वटवाघळांना ती आवडली नाही. एवढंच सांगतो.

वेरूळला जायच्या आधी कॅलेंडर बघा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. आम्ही मंगळवारी गेलो. मला माहीत होतं, पण रिफ्लेक्टर धरणाऱ्याला कुणी मत विचारत नाही. खरं तर कैलास लेणं आपल्या कामाला फार जुळतं. राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी डोंगर वरून खाली फोडत आणला, म्हणजे आधी कळस, मग पाया. आपणही मधुचंद्राचे फोटो आधी काढतो, लग्न मागाहून लावतो. त्यांचं काम बाराशे वर्षं टिकलंय. रील चोवीस तास तरी पुरतं.

बंद फाटकासमोर तोंडं वाकडी करून आम्ही रसवंतीवर बसलो. भाचीनं विचारलं, “तुम्हाला रसात आलं चालतं का?” तो म्हणाला, “नाही, घसा धरतो माझा.” ती म्हणाली, “मग लिंबू सांगते.” त्यावरून आईच्या हातचा काढा निघाला, काढ्यावरून हॉस्टेलचं जेवण, जेवणावरून तिची नोकरी, आणि लग्नानंतर ती पुण्याला राहणार की जालन्याला, हे पहिल्यांदाच दोघं एकमेकांना विचारू लागले. वीस मिनिटं. असला वेळ तुम्ही वाया जाऊ देऊ नका. आमचा फोटोग्राफर शहाणा, त्यानं घड्याळ दाखवून दोघांना उठवलं. “दाजी, गोल्डन अवर निसटला तर पैसे वाया.”

गोल्डन अवर, म्हणजे दिवे लागायच्या आधीचं पिवळं ऊन, आम्हाला पैठणला गाठायचं होतं. वेरूळ शहराच्या एका अंगाला, पैठण दुसऱ्या. सगळी मिळून ऐंशी किलोमीटरची रपेट. नकाशा बघून लोकेशन ठरवायची नसतात, दुसऱ्यांची रील्स बघून ठरवायची असतात. गाडीत भाची गाऊनसकट झोपली. चिमटे टोचतात म्हणून आडवी.

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. व्हिडिओत तो समुद्रासारखा दिसतो. आम्ही एप्रिलात पोचलो, तेव्हा समुद्र अर्धा किलोमीटर मागं गेला होता. मधल्या जागेत भेगाळलेला काळा गाळ आणि त्यात गाळपेर. पाणी ओसरलं की मोकळ्या झालेल्या जमिनीत लोक काकडी, टरबूज लावतात. फोटोग्राफर म्हणाला, “इथनं पळत जायचं, हातात हात, मागं वळून हसायचं.” दोघं पळाले. दहा फूट लाल घोळ कुणाच्या तरी टरबुजांच्या वेलांवरून गेला.

“ओ पाव्हणं! वेल तुडवायलेत की!” बांधावरून एक बाबा आले. मी परात खाली ठेवून माफी मागितली. त्यांनी दोघांकडं बराच वेळ बघितलं.

“लगीन झालं का यांचं?”

“नाही बाबा, पंधरा दिवसांनी आहे.”

“मंग आत्ताच कामून पळायलेत?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुम्ही तयार करून जा.

ड्रोनची काळी पेटी दिवसभर माझ्याच मांडीवर होती. ती आता उघडणार म्हणून नवऱ्यामुलानं केस सारखे केले. फोटोग्राफरनं बोट ओलं करून वारा बघितला. “लई वारा आहे, मामा. आत्ता सोडला तर थेट शेवगावात उतरंल. बघू, एडिटिंगमध्ये काहीतरी करू.” पेटी तशीच बंद परत आली. एडिटिंग या शब्दाला घाबरू नका. आपण स्वयंपाकघरात रात्रीच्या भाताला फोडणी देतो, तोच प्रकार.

लग्न मे महिन्यात झालं. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, नवरदेव मारुतीच्या पारावरून हलला सव्वादोनला. तोवर लोकांनी काय करावं? त्यासाठीच तर लॉन्सवर भिंतीएवढा एलईडी पडदा लावतात. उपाशी वऱ्हाडाला प्री-वेडिंग दाखवलं की कुणी उठून जात नाही, पंखेही त्याच बाजूला असतात. मकबरा आला, किल्ला आला, वटवाघळं कापलेली होती. आणि शेवटी, संगीत चढत गेलं आणि वरून, आभाळातून, नाथसागर दिसला. काठोकाठ. बाभळी गुडघ्याइतक्या पाण्यात. किनाऱ्यानं एक शेरवानी आणि एक लाल गाऊन हातात हात घेऊन पळत होते, घोळ वाऱ्यावर. तोच गाऊन. इतक्या उंचावरून माणसं मुंग्यांएवढी, चिमटे कुठले दिसायला?

टाळ्या पडल्या. ताईनं डोळे पुसले. थोरली सून काही न बोलता उठून पाणी प्यायला गेली. रात्री नवरदेवानं तोच व्हिडिओ मोबाइलवर लावला आणि भाचीला म्हणाला, “काय भारी वाटलं होतं ना तिथं पळताना?” ती म्हणाली, “हो ना.” मी शेजारीच होतो. मी मिनाराकडं बघावं तसा मांडवाच्या खांबाकडं बघत राहिलो.

दुपारी मात्र पडद्यासमोर पहिल्या रांगेत आमचे पैठणकडचे तात्या बसले होते. टोपी मांडीवर, काठी खुर्चीला. मकबऱ्यापासून त्यांची डुलकी चालू होती. पाणी दिसलं आणि ते ताठ झाले. शेजारच्याला कोपर मारून म्हणाले, “हे कोणत्या सालचं पाणी म्हणायचं? औंदा तर धरण तळाला हाय.” शेजारचा डोळे बारीक करून बघू लागला. दरवाजे उघडले होते ते साल असंल, असं तिसरा म्हणाला. मागच्या दोन रांगा खुर्च्या सरकवून पुढं आल्या, कालव्याची आवर्तनं निघाली, उसाचं निघालं, कुणाची विहीर कधी आटली तेही निघालं.

“पोरा,” तात्यांनी फोटोग्राफरला हाक मारली, “ते दोघं राहू दे. धरण तेवढं पुन्हा एकदा दाव.”