आरशाचा कान

जुलैतली गोष्ट. रंकाळ्याच्या कडेला गाडी साइड स्टँडवर लावली आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर गाडी डाव्या कुशीवर निवांत झोपलेली. पावसानं भिजलेली माती स्टँडखाली खचली, बाकी काही नाही. टाकीवर ओरखडा नाही, क्लच लिव्हर शाबूत, इंडिकेटर शाबूत. फक्त डावा आरसा आभाळाकडं बघत होता.

शोरूमला फोन केला तर पूर्ण सेट बदलायला सांगितलं. चौकातला मेकॅनिक म्हणाला, पाईप घालून ओढतो, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, दोन मिनिटांचंच असेल तर मीच करतो की! घरी आणली, आरशाच्या दांडीवर पाईप चढवला आणि ओढलं. टक्. दांडी हातात, आणि दांडीसोबत ब्रॅकेटचा कान पण हातात.

कान म्हणजे क्लच लिव्हरच्या ब्रॅकेटवरचा तो आटे पाडलेला उंचवटा, ज्यात आरसा पिळून बसतो. तुटलेली कड खडीसाखरेच्या खड्यासारखी दाणेदार होती. आप्पांनी ती बघितली आणि एवढंच म्हणाले, "ओतीव मालाला ओढायचं नसतं, हे फाउंड्रीवाल्याच्या पोराला सांगायला लागतंय?" शिरोलीच्या फाउंड्रीत आयुष्य गेलेला माणूस. काय बोलणार!

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, आणि ते या पोस्टमधून तुमच्या गळी उतरवायचा विचार आहे. आरसा वाकला की आधी वाकलंय कोण ते बघा. आरशाची दांडी पोलादी असते. ती वाकते आणि शहाण्यासारखी परतही येते. गाडीवरून काढायची, व्हाइसमध्ये कापड घालून धरायची आणि हळूहळू सरळ करायची. थोडा रंग उडतो, तेवढा टचअप मारला की गंज धरत नाही. ब्रॅकेट मात्र अॅल्युमिनियमचं डायकास्टिंग, म्हणजे साच्यात दाबानं ओतलेलं असतं. ते पडताना एकदा वाकलं असेल तर आतून चिरलेलं असण्याचीच शक्यता जास्त. तुम्ही परत ओढता तेव्हा ती चीर पूर्ण करता. त्यात वीतभर दांडीची सगळी ताकद बोटभर कानावर येते. म्हणजे तोडायची पहार आपणच लावलेली असते.

कुणी म्हणेल, तापवून वाकवा. लोखंड तापलं की लाल होतं, थांबायला सांगतं. अॅल्युमिनियम रंग बदलून काही सांगत नाही. बघता बघता पाघळतं.

तरी जीव राहवेना म्हणून तो तुकडा घेऊन उद्यमनगरात आर्गन वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्यानं हातात फिरवून बघितला आणि परत दिला. डायकास्टिंगच्या पोटात हवेचे बारीक बुडबुडे असतात, आर्क लागला की ते फुटून वेल्डला भोकं पडतात. शिवाय आटे बिघडणार, म्हणजे परत टॅप मारायला, आटे पाडून घ्यायला, लेथवाल्याकडं. "त्यापेक्षा नवीन घे की भावा, चारशेच्या आत येतंय." गिऱ्हाईक परत पाठवणारा कारागीर भेटला की मला त्या शहराबद्दल बरं वाटतं.

उजव्या बाजूला तर हा नाद अजिबात करू नका. डिस्क ब्रेकच्या गाड्यांना आरशाचा कान बहुतेक वेळा ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागाच्या, अंगावरच असतो. तिथं हातोडा किंवा गॅस लावणं म्हणजे आरशासाठी ब्रेक पणाला लावणं. आत रबरी सील असतात आणि ब्रेक ऑइल सांडलं तर टाकीचा रंगही खातं.

आणि यामाहावाल्यांनो, तुमच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. समोरून कशाचा धक्का बसला तर आरसा आवळण्याऐवजी सैल होऊन फिरावा म्हणून. हे माहीत नसल्यानं जोर लावून आटे घालवलेले लोक मी बघितलेत. आटे नुसते खराब झाले असतील तर बोल्ट कोंबू नका. त्याच मापाचा टॅप हातानं फिरवून साफ करा. माझ्या गाडीला १० मिलिमीटर आणि १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर) आहे, तुमचं माप आधी बघा. पार गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसतं.

बरं, खूपदा वाकलेलं काहीच नसतं. ब्रॅकेट हँडलवर नुसतं फिरलेलं असतं. क्लॅम्पचे बोल्ट ढिले करा, जागेवर फिरवा, आवळा. किंवा पुढचे शॉकअपच टी मध्ये, म्हणजे त्यांना हँडलखाली धरणाऱ्या पट्टीत, पिळलेले असतात. चाक सरळ ठेवलं की हँडल तिरकं दिसतं. तेव्हा एक्सलचा नट आणि टी चे बोल्ट जरा सैल करायचे, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडलला उलट हिसका द्यायचा आणि परत आवळायचं. हे न बघता आरशाशी झटत बसलात तर एक बाजू कायम आपल्याच कोपराचं दर्शन देणार.

नवीन ब्रॅकेट बसवताना मी डोंगरात गाड्या फिरवणाऱ्या पोरांची युक्ती वापरली. हँडलवर आधी टेफ्लॉन टेपचे वेढे दिले आणि क्लॅम्प हातानं ढकलून हलणार नाही, पण गाडी पडली तर फिरेल, एवढाच आवळला. ब्रॅकेटनं फिरून मार चुकवावा, अंगावर घेऊ नये.

गेल्या रविवारी शेजारचा पोरगा सायकल काढता काढता गाडीवर धडकला आणि गाडी परत डावीकडं आडवी. आप्पा गॅलरीतूनच ओरडले, "फुटलं काय?"

"नाही, फिरलंय."

"मग पाईप आण म्हणतो," म्हणाले आणि आत गेले.