टॅरोच्या पत्त्यांना हे सोवळं कुणी लावलं?

"घरात टॅरो कार्ड आहेत? मग या सात चुका चुकूनही करू नका!" टॅरो म्हणजे भविष्य सांगायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा जोड, म्हणजेच डेक. हा मेसेज गेल्या आठवड्यात माझ्याकडे तीन ठिकाणांहून आला. तिसऱ्यांदा आला तो आमच्या घरच्याच ग्रुपवर. मी वाचून सोडून दिला असता. पण त्याच रात्री इथल्याच, नाशिकमधल्या इंदिरानगरहून ताईचा फोन आला, "पोरगी जेवत नाहीये, नुसती रडतेय, तू ये."

भाची १९ वर्षांची, चित्रकला शिकते. मे महिन्यात तिने साठवलेल्या पैशांतून टॅरोचा डेक घेतला, चित्रं आवडली म्हणून. आणि त्या सोमवारी दाजींची गाडी द्वारका चौकात पावसात घसरली, खांद्याजवळचं हाड मोडलं. मेसेजमधला चौथा मुद्दा असा: "मासिक पाळीत कार्डांना स्पर्श केल्यास घरातील कर्त्या पुरुषावर संकट येते." रविवारी भाची कार्डं घेऊन बसली होती आणि तिला अडचण होती. पोरीने दोन्ही तारखा जुळवल्या आणि बापाचं हाड आपण मोडलं असं ठरवून टाकलं.

म्हणून आधी चौथाच मुद्दा घेते. बाकीचे नंतर बघू.

हा नियम आला कुठून? टॅरोचे पत्ते १५ व्या शतकात उत्तर इटलीत तयार झाले, खेळायला. मिलानच्या सरदारघराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मायकेल डमेट यांनी १९८० साली 'द गेम ऑफ टॅरो' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. जवळपास तीनशे वर्षं युरोपात हे पत्ते डाव जिंकण्यासाठीच वापरले जात होते, भविष्य सांगण्याची पद्धत १८ व्या शतकात रुजली, हे त्यांनी पुराव्यांनिशी मांडलं. फ्रान्समध्ये आजही लोक टॅरोचा डाव मांडून बसतात. त्या डावात बाईने कुठल्या दिवशी बसायचं नाही असा नियम नाही.

हा नियम आपल्या माजघरातला आहे. 'कावळा शिवला' म्हणून ताईला आणि मला चार दिवस वेगळं ताट, वेगळी चटई असायची. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही. ताईने लग्नानंतर सासूशी भांडून, रुसवेफुगवे सोसून ते बंद केलं. तिची मुलगी त्यातलं काहीही न बघता वाढली. आणि आता तेच सोवळं एका परदेशी पत्त्यांच्या डब्यात बसून, 'ऊर्जा' असं नाव घेऊन तिच्याच घरात परत आलं. माझा संताप त्याचा आहे.

भाचीला मी तिच्याच डेकमधलं एक कार्ड दाखवलं. कोपऱ्यात वेलीसारखी वळणं घेतलेली इंग्रजी अक्षरं आहेत, पी, सी, एस. पामेला कोलमन स्मिथ. १९०९ साली लंडनमध्ये हा डेक निघाला. त्याची सगळीच्या सगळी ७८ चित्रं या बाईने काढली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. काम मोठं होतं आणि पैसे अगदी थोडे मिळाले, असं तिने स्वतः पत्रात लिहिलंय. १९५१ साली ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. डेक ओळखला गेला तो प्रकाशक रायडर आणि तिच्याकडून ती चित्रं काढवून घेणारे लेखक वेट यांच्या नावाने. तिचं नाव त्यात कित्येक दशकं नव्हतं. ७८ चित्रं काढायला महिने लागले असणार. दर महिन्याला ती कुंचला खाली ठेवून बाजूला बसली असेल का? मी विचारलं, तेव्हा भाचीने त्या रात्री पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

आता उरलेले मुद्दे.

"पहिला डेक विकत घ्यायचा नाही, कुणीतरी भेट द्यावा लागतो." मग तोच मेसेज शेवटी नंबर देऊन 'सिद्ध केलेला डेक' ५१०० रुपये दक्षिणेत का देतो? दक्षिणा म्हटलं की विकत घेणं होत नाही का? भाचीने कष्टाने पैसे जमवून घेतलाय. तो तिचाच आहे.

"दुसऱ्याचा हात लागला की कार्डं बिघडतात." इथे थोडं मान्य करते. तेलकट, घामट हातांनी कुठलाही पत्ता खराब होतो, आणि आपली वस्तू दुसऱ्याने हाताळू नये असं कुणाला वाटणं यात गैर काही नाही. पण संकट? आमच्या नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या हजारो हातांतून फिरून आपल्या देवघरात लक्ष्मीपूजनाला बसतात.

"रेशमी कापडात ठेवा, खड्यामिठात पुरा, पौर्णिमेच्या चांदण्यात रात्रभर ठेवा." कापडात गुंडाळणं ठीक, धूळ बसत नाही. मीठ मात्र अजिबात नको. मी सातपूरला छपाईच्या धंद्यात २२ वर्षं काढलीत, हे मला कुणी शिकवायला नको. पत्ता म्हणजे जाड कागद आणि वर लॅमिनेशन. कापलेल्या कडा उघड्याच असतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळ्यात तर त्याला पाणीच सुटतं. कडांमधून ते कागदात शिरतं, कागद फुगतो आणि पत्ता वाकतो. गच्चीवरच्या दवानेही तेच होतं.

"डेथ कार्ड निघालं की मृत्यू अटळ." ७८ पत्त्यांतून १० मांडले, तर सरासरी आठ वेळांतून एकदा डेथ, म्हणजे तेरावा पत्ता, येणारच, हा साधा हिशोब आहे. स्मिथबाईंच्या चित्रात पांढऱ्या घोड्यावर सांगाडा आहे, पण मागे दोन बुरुजांमधून सूर्यही दिसतो. टॅरो सांगणारी माणसंसुद्धा त्याचा अर्थ बदल असा लावतात.

"हे इजिप्तच्या पुजाऱ्यांचं पाच हजार वर्षांपूर्वीचं ज्ञान आहे." कूर द झेब्लँ नावाच्या फ्रेंच लेखकाने १७८१ साली ही कल्पना छापली. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियोंनी उलगडली १८२२ साली. म्हणजे ती लिपी कुणाला वाचताच येत नव्हती, तेव्हाचा हा शोध.

सातवा मुद्दा, "जुना डेक वाहत्या पाण्यात, शक्यतो रामकुंडात सोडावा." प्लास्टिक चढवलेले ७८ तुकडे गोदावरीत? नदीकाठी राहून असा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांनी एकदा अहिल्याबाई होळकर पुलावरून खाली बघावं.

आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा आहे. गोल, हाताने रंगवलेले १२० पत्ते, त्यावर विष्णूचे दशावतार. साक्षात देवांची चित्रं, आणि लोक चादर पसरून ते पत्ते टाकत, हात जिंकत, हरत.

कार्डांत भविष्य दिसतं असं मला वाटत नाही. पण चित्र समोर असलं की माणूस मनातलं बोलतो, हे खरं. त्या रात्री भाची बोलली ती कार्डं पसरूनच. रस्ता ओला होता, वळणावर खडी पडली होती, हे दाजींनी हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत तिला दोनदा सांगितलं. "तुझ्या पत्त्यांनी नाही, माझ्या घाईने पडलो गं," म्हणाले.

मग तिने पलंगाखालून पातेलं काढलं. मेसेज वाचल्यावर घाबरून तिने अख्खा डेक खड्यामिठात पुरला होता. ताईने तो नंबर ब्लॉक केला, आम्ही दोघींनी एकेक पत्ता सुक्या फडक्याने पुसला. १७ पत्ते वाकलेत. शनिवारी प्रेसमध्ये नेऊन कागदाच्या रिमांखाली दाबून ठेवणार आहे.